मामेर एर्सिलियाचा दुखवटा

संत व्हायचं असेल तर त्याआधी कुणी तुम्हाला संत मानलेलं असता कामा नये. मठातल्या मामेर क्लोटिल्डने हा नियम मिस्सा संपल्यावर आंब्याखाली उभं राहून वाचून दाखवला, तेव्हा मुकेनी गावाला वाटलं, बाईंचं आता वय झालं.

"पुन्हा वाचा," झेफिरीनमाय म्हणाली. ती बाजारात कसाव्याच्या कंदाचं पीठ विकत असे आणि कुठलीही गोष्ट एकदा ऐकून घेणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं.

क्लोटिल्डने पुन्हा वाचलं. मामेर एर्सिलियाला संतपद मिळावं म्हणून बिशपांनी अर्ज केला होता. कागद रोमला जाण्याआधी शहरातून एक मोन्सिन्योर, म्हणजे बिशपांचे वरिष्ठ पाद्री, चौकशीला येणार होते. एर्सिलियाच्या थडग्यावर लोक मेणबत्त्या लावत नाहीत, तिच्या नावाने उघड प्रार्थना करत नाहीत, तिच्या चित्राभोवती तेजोवलय काढत नाहीत, याची ते खात्री करून घेणार होते. कारण कुणाला पूजायचं हे ठरवण्याचा अधिकार रोमचा. लोकांनी आपल्या हिशेबाने आधीच सुरुवात केली, तर तो आगाऊपणा ठरतो आणि कागद तिथेच थांबतात.

"म्हणजे लग्नाचं देज ठरेपर्यंत पोरीला चांगलं म्हणायचं नाही," झेफिरीनमायने सारांश काढला. "आमच्यात तर देज ठरेपर्यंतच म्हणतात."

लोक हसले. क्लोटिल्डलाही हसू आलं, पण हातात बिशपांचा कागद होता. व्रत घेतल्यापासून तिने बिशपांच्या कागदाला हसून दाखवलेलं नव्हतं.

मुकेनीत एर्सिलिया कोण हे सांगावं लागत नसे. गावात एर्सिलिया नावाच्या मुली इतक्या होत्या की शाळेत हाक मारली की अर्धा वर्ग उभा राहायचा. मूळ एर्सिलिया इटलीची, मिशनच्या दवाखान्यात मोठी नर्स. तापाच्या वर्षी, म्हणजे लोक रक्त ओकून मरत होते त्या वर्षी, डॉक्टर औषधं आणायला म्हणून शहराला गेले. ते अजून आणतायत. एर्सिलियाने मागच्या वॉर्डात आजाऱ्यांना गोळा केलं, स्वतः आत गेली आणि दाराला आतून कडी घातली. काही आजारी त्या दारातून चालत बाहेर आले. ती आली नाही. तोंडं झाकलेल्या माणसांनी तिला पिशवीत घालून वॉर्डामागे पुरलं, वर चुना ओतला आणि जवळ येईल त्याला काठी दाखवली. रडायला कुणी बसलं नाही. चटई पसरली गेली नाही, ताडी फिरली नाही. मुकेनीत भटक्या कुत्र्यालाही यापेक्षा बरा निरोप मिळत असे.

क्लोटिल्ड तेव्हा याच गावातली, नुकती मठात आलेली मुलगी होती. वॉर्डात ती एर्सिलियाच्या हाताखाली. शेवटच्या दिवशीही ती दारापर्यंत मागोमाग गेली होती, एनॅमलचं तसराळं घेऊन. एर्सिलियाने ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"हे घासलंस?"

"हो, मामेर."

"याला घासणं म्हणत असतील तर देवानं आपल्याला हात उगाच दिले. जा, पुन्हा घासून आण."

क्लोटिल्ड नळावर गेली, राख लावून तसराळं घासलं, परत आली. दाराला कडी होती. आतून आवाज आला, की आता वेळ नाही, खिडकीशी उकळलेलं पाणी ठेव आणि चालती हो. एर्सिलिया तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे. संतांच्या चरित्रात घालण्यासारखं ते नाही.

तसराळं क्लोटिल्डकडेच राहिलं. तिच्या खोलीतल्या कपाटात, चादरींच्या खाली.

*

गावाने आज्ञा पाळायची ठरवली आणि आज्ञा पाळताना गाव जे करतं ते केलं, म्हणजे अतिरेक.

दवाखान्याच्या भिंतीवर एर्सिलियाचं चित्र होतं आणि डोक्यामागे पिवळं वलय. पेंटरला बोलावलं. पिवळा रंग खरवडला तर भिंत खरवडेल, म्हणून त्याने विचार करून वलयाची गवती टोपी केली. एर्सिलियाने जन्मात टोपी घातली नव्हती. पण ती उन्हात बोडक्याने हिंडायची आणि मग डोकं दुखतं म्हणून सगळ्यांवर खेकसायची हे लोकांना आठवत होतं, त्यामुळे टोपी आवडली. "तेव्हाच कुणी घातली असती तर बरं झालं असतं," एक म्हातारी म्हणाली.

थडग्यावरच्या मेणबत्त्या उचलल्या, मेण सुरीने खरवडलं. प्लॅस्टिकची फुलं मारियेच्या पुतळ्यापुढे नेऊन ठेवली. तिथे ती कायदेशीर होती. उरला तो सिमेंटचा सपाट चौथरा, आणि त्यावर नेहमीप्रमाणे बायकांनी वाळत घातलेला कसावा.

तो उचलावा असं क्लोटिल्डच्या मनात आलंच नाही. चौथऱ्यावर कसावा वाळत घालणं मुकेनीत इतकं रोजचं होतं, की ते कुणाला दिसतच नसे.

मग बिशपांची जीप आली. मोन्सिन्योरांसाठी गादी, पाण्याच्या बाटल्या आणि एक बरी खुर्ची उतरवता उतरवता ड्रायव्हर आंब्याखाली बसला आणि त्याने बातमी दिली, जशी ड्रायव्हर देतात, म्हणजे आपणच ठरवल्यासारखी. कॅथेड्रलमध्ये डाव्या हाताला वेदी तयार आहे. पांढरा संगमरवर. कागद रोमला गेले की मामेर एर्सिलियाला इथून काढायचं आणि तिथे ठेवायचं. काचेची पेटीसुद्धा येणार आहे.

आंब्याखालचे लोक जवळ सरकले.

"काढायचं म्हणजे?" झेफिरीनमायने विचारलं.

"म्हणजे खणायचं," ड्रायव्हर म्हणाला. "त्याशिवाय कसं काढणार?"

संध्याकाळी पापा लुकोकी मठाच्या फाटकाशी आला. लुकोकी गावातला सगळ्यात म्हातारा सुतार. दवाखान्याच्या शवपेट्या तो करत असे, आणि जिच्यासाठी पेटी करू दिली नाही ती एकच बाई त्याच्या मनात राहिली होती. मुकेनीत माणूस आईच्या कुळाचा. जन्म, लग्न, मरण, प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द मामाचा. मामा नसेल तर माणूस उघडा. एर्सिलियाचा मामा इटलीत कधीच वारला असणार, म्हणून लुकोकीने त्या वर्षी गावासमोर उभं राहून सांगितलं होतं, हिचा मामा मी. कुणी हरकत घेतली नव्हती. एर्सिलिया जिवंत असती तर तिने घेतली असती.

"पोरी," तो म्हणाला, "माझी भाची हलवायचं ठरलंय म्हणे. मला विचारलं कुणी?"

"पापा, हे देवळाचं काम आहे."

"देऊळ तिचा बाप असेल. मामा मी आहे." तो फाटकाला टेकला. "आणि दुखवटा संपलेला नाही. दुखवटा चालू असताना मेलेल्याला हात लावतं का कुणी? शहरात लावत असतील. शहरात काहीही करतात."

हे क्लोटिल्डला माहीत होतं आणि ती मठवासी असल्याने माहीत नसल्यासारखं वागत आली होती. तापाच्या वर्षी बसू दिलं नाही, म्हणून गावाने दुखवटा हप्त्याहप्त्याने करायचं ठरवलं होतं. ज्याला जमेल त्याने, जमेल तेव्हा, चौथऱ्याशी चटई टाकून एक सकाळ बसायचं आणि आलेल्याला खाऊ घालायचं. आणि सगळं आटोपलं की मेलेल्याचं भांडं मामाच्या हाती द्यायचं. तो त्याच्या तळाला भोक पाडतो, थडग्यावर ठेवतो. भांडंही मेलं, दुखवटा उठला, माणूस मोकळा. जिवंत आणि मेलेला दोघेही.

"आता फक्त भांडं उरलंय," लुकोकी म्हणाला. "ते तुझ्याकडे आहे. तू दिलंस की मी भोक पाडीन. मग माझ्याकडे नाही म्हणायला काही उरत नाही." तो वळला. "विचार कर. तू शिकलेली आहेस, तुला वेळ लागेल."

क्लोटिल्डला खरंच वेळ लागला. एर्सिलियाला वेदीवर बसलेलं बघावं ही तिचीच इच्छा. अर्जाची पहिली ओळही तिनेच लिहिली होती. पण वेदी मुकेनीत असेल असं ती मनाशी धरून चालली होती, कारण मुकेनीबाहेर एर्सिलिया कशी दिसेल याची कल्पना तिने केलीच नव्हती. आता ती कल्पना करून पाहिली. संगमरवर, काच, डाव्या हाताला. शहरातल्या बायका हातमोजे घालून येतील. कुणाला ओरडा बसणार नाही. तिथे ती फार स्वच्छ असेल.

तसराळं लुकोकीला देऊन दुखवटा उठवायचा, की ठेवायचं? रात्रीच्या प्रार्थनेत तिने देवाला विचारलं. देवाने नेहमीप्रमाणे निर्णय खालच्या पातळीवर सोपवला.

*

मोन्सिन्योर मुकेंदी सकाळच्या धुळीत उतरले तेव्हा त्यांचा झगा पांढरा होता. हातपाय धुऊन होईपर्यंत तो या प्रांताच्या रंगाचा झाला. ते रोममध्ये कायदा शिकले होते, बारीक अंगाचे, आणि बोलताना समोरच्याकडे असं पाहत की माणसाला आपण न केलेलं पापही आठवे. बरोबर लिहून घ्यायला एक तरुण फादर होता.

साक्षी दवाखान्याच्या पडवीत झाल्या. आधी मोन्सिन्योरांनी समजावून सांगितलं की एर्सिलिया काटेकोरपणे रक्तसाक्षी नाही. रक्तसाक्षीला कुणीतरी श्रद्धेच्या द्वेषाने मारावं लागतं. आजाऱ्यांची सेवा करताना मरणाऱ्यांसाठी आता वेगळा रस्ता आहे, प्राणार्पणाचा.

"मेली ती मेलीच ना?" झेफिरीनमाय म्हणाली.

"हो, पण कोणत्या रस्त्याने, ते ठरवावं लागतं."

"बरोबर. नाहीतर वर गेल्यावर चुकीच्या रांगेत उभी करतील."

फादरने लेखणी थांबवली. मोन्सिन्योरांनी हाताने खूण केली, की हे लिहायचं नाही.

मग जे झालं त्याची क्लोटिल्डला भीती होती. पूजा करायची नाही हे गावाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की जो तो एर्सिलियाची निंदा करायला आला. ती पत्ते खेळताना लबाडी करायची. तिला कसाव्याच्या पानांची भाजी आवडत नसे आणि ती तोंडावर सांगायची. तिने एका बाळंतिणीच्या नवऱ्याला झाडू मारला होता. ("बरोबर मारला होता," तो नवरा स्वतःच म्हणाला.) रोजरी म्हणताना तिला झोप लागे. कुणी रडायला लागलं की ती म्हणे, रडून ताप उतरत असता तर मी बादली धरली असती.

"आणि तरीही ती आत गेली," मोन्सिन्योर एकाला म्हणाले.

"गेली ना. तिला दुसऱ्या कुणाचं काम पटतच नसे."

मोन्सिन्योरांनी चष्मा काढून पुसला. क्लोटिल्डला वाटलं ते वैतागले. नंतर तिच्या लक्षात आलं, ते हसू आवरत होते.

दुपारी ते थडगं पाहायला निघाले. सगळं गाव मागून. भिंतीवरच्या टोपीकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. चौथऱ्यापाशी आले आणि थांबले. पांढऱ्या तुकड्यांनी भरलेला चौथरा, आंबट वास, दोन कोंबड्या.

"हे काय?"

"कसावा," फादरने सांगितलं. तो याच भागातला होता.

"तो कसावा आहे हे मला कळतं. माझी आई कसाव्यावरच वाढली. थडग्यावर का आहे?"

क्लोटिल्डने आजूबाजूला पाहिलं. दवाखान्याची पडवी रिकामी होती, शाळेचं पटांगण सिमेंटचं होतं, आणि सगळ्या गावचा कसावा मात्र इथे.

"इथे ऊन चांगलं असतं," मागून कुणीतरी प्रयत्न केला.

मोन्सिन्योरांनी वर पाहिलं. चौथऱ्यावर आंब्याची सावली होती.

"मामेर," ते क्लोटिल्डकडे वळले. "सकाळी तुम्ही बायबलवर हात ठेवलाय. या कसाव्याचं काय करतात?"

खोटं बोलणं तिला जमलं असतं, पण सवय नव्हती. "आजाऱ्यांना देतात, मोन्सिन्योर. पेज करून."

"गुण येतो असं मानून?"

"हो."

फादरची लेखणी चालू लागली. त्या आवाजात एर्सिलियाचे कागद मिटत होते, आणि क्लोटिल्डच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. कागद थांबले की खणणंही थांबेल. त्या हायशाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते गेलं नाही.

"काय लिहितोस रे बाळा?" झेफिरीनमाय पुढे आली. "पूजा? दुखवट्याच्या घरी माणूस गेला तर तो जेवून येतो की नाही? घरचे वाढतात ना? हिच्या घरचं कोण आहे इथं? कुणी नाही. म्हणून ही स्वतःच वाढते. तिच्या ओट्यावरचं पीठ, तिच्या घरचं जेवण. आजाऱ्याला आधी वाढायचं हा तिचाच नियम. गुण येतो तो जेवल्यानं येतो. उपाशी माणसाला कुठल्याही ओट्यावरचं पीठ द्या, गुण येतो की नाही बघा!"

"दुखवटा?" मोन्सिन्योर म्हणाले. "इतकी वर्षं?"

आता लुकोकी पुढे झाला. काठी टेकत, सावकाश, ज्याला थांबवायची कुणाची हिंमत नाही असा.

"तुमच्याकडे मामाला विचारतात का, साहेब?"

"आमच्या कासाई प्रांतात बापाला विचारतात, पापा."

"तरीच." लुकोकीने त्यांना माफ केल्यासारखी मान हलवली. मग त्याने सगळं सांगितलं. पिशवी, चुना, काठ्या. न झालेली पेटी. हप्त्याने चाललेला दुखवटा. भांडं आणि भोक. "ते भांडं या पोरीकडे आहे. तिनं दिलं की संपलं. मग न्या संगमरवरात, माझी ना नाही. पण ते येईपर्यंत माझ्या भाचीला हात लावाल, तर आधी मला खणावं लागेल. मी फार खोल नसेन. वय झालंय."

सगळं गाव क्लोटिल्डकडे बघत होतं. मोन्सिन्योरही.

"ते भांडं आणाल, मामेर?" ते म्हणाले. तो हुकूम नव्हता. हुकूम असता तर तिला सोपं गेलं असतं.

ती खोलीत गेली. चादरींखालून तसराळं काढलं. काठाचं एनॅमल उडालेलं, बाकी पांढरं शुभ्र. दर शनिवारी ती ते घासत आली होती. का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिने स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं. ते घेऊन ती परत आली. लुकोकीने हात पुढे केला. तिने दिलं नाही. मोन्सिन्योरांना दाखवलं, आणि त्या दाराशी काय झालं ते सांगितलं. ते ती आजवर कुणालाच बोलली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

मोन्सिन्योरांनी वाकून तसराळ्यात पाहिलं. "मामेर," ते हळू म्हणाले, "सकाळपासून मी हेच शोधत होतो. आपण मरणार हे तिला माहीत होतं. तुम्हाला बाहेर ठेवायचं होतं. भांडं हे निमित्त."

"नाही," क्लोटिल्ड म्हणाली. ती ज्या ठामपणे म्हणाली त्याचं तिलाच नवल वाटलं. "निमित्त काढायचं असतं तर तिने दुसरं काढलं असतं. कामाच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे. भांडं घाण होतं."

"दोन्ही खरं असू शकतं."

"असेल. तुमच्या कागदावर तुम्ही पहिलं लिहा. मला दुसरं पुरतं." तिने तसराळं छातीशी धरलं. "ती म्हणाली, पुन्हा घासून आण. मी घासून आणलं. तिने ते पाहिलं नाही. ती बघून बरं म्हणेपर्यंत हे घासलेलं नाही, आणि घासलं नाही तोवर मी ते द्यायचं कसं? हे मी शपथेवर सांगते आहे, मोन्सिन्योर."

कोंबड्यांपैकी एकीने कसाव्यात चोच घातली. झेफिरीनमायने तिला हुसकलं.

"ती बघणार कधी?" फादरने विचारलं. तो तरुण होता.

"ते वर ठरेल," लुकोकी म्हणाला आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

मोन्सिन्योर चौथऱ्याच्या कडेला, कसावा जरा बाजूला सारून, बसले. ती बसायची जागा नव्हती, पण दुखवट्याला आलेला माणूस तिथेच बसत असे. "लिही," ते फादरला म्हणाले. "सार्वजनिक उपासना आढळली नाही. स्थानिक रीतीने दुखवटा चालू आहे. अवशेष हलवण्याबाबत मृताच्या मामांची संमती घ्यावी."

"इटलीतल्या मामांची?"

"मी इटली म्हणालो का?"

फादरने लिहिलं. झेफिरीनमायने तोवर फुफूची, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या शिजवलेल्या घट्ट गोळ्याची, ताटली आणि वाळल्या माशांचा रस्सा पुढे आणून ठेवला, आणि दुखवट्याला आलेल्याने जेवल्याशिवाय उठायचं नसतं म्हणून मोन्सिन्योर जेवले. जीपमध्ये बसताना त्यांनी तिच्याकडून पिठाची एक पिशवी मागून घेतली.

"फुफूसाठी," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आईचे गुडघे धरलेत."

"फुफूसाठीच," झेफिरीनमाय म्हणाली. "गुडघ्यांना पातळ करा."

बिशपांना काय सांगायचं हा प्रश्न उरलाच. कागद रोमला जातील, संतपद येईल तेव्हा येईल, आणि संगमरवराची वेदी तोवर रिकामी राहील. त्याबद्दल क्लोटिल्डला वरून विचारणा होणार हे नक्की होतं. होईल तेव्हा होईल.

ती नळावर गेली. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, तसराळं घासलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं, एर्सिलिया धरायची तसं, एक डोळा बारीक करून. काठाशी, एनॅमल उडालेलं होतं तिथे, एक तपकिरी ठिपका होता. गंज असेल. घासून जाणारा नव्हता.

"याला घासणं म्हणत असतील तर," ती स्वतःशी म्हणाली, आणि तसराळं पुन्हा नळाखाली धरलं.